कातळाची साक्ष

(वाचण्याचा शास्त्रपाठ : ईयोब, अध्याय २८, वचने १ ते २८, निर्गम, अध्याय २०, वचन १६)

ह्या रविवारी मंडळीपुढे ईयोबाच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय वाचावा, अशी आमच्या उपदेशक बंधूंस विनंती आहे. हा अध्याय आपल्या खेड्यांतून फारसा वाचला जात नाही. ईयोबाची दुःखे, त्याच्या मित्रांचे बोल आणि शेवटी त्यास मिळालेली दुप्पट संपत्ति एवढेच आपण सांगतो आणि मधला हा विलक्षण भाग ओलांडून जातो. त्यात भक्त असे वर्णितो की, मनुष्य अंधारात दिवा घेऊन उतरतो, घारीच्या दृष्टीसही न पडलेल्या वाटा शोधतो, गारेच्या कठीण खडकास हात घालतो, डोंगर मुळापासून उलथतो आणि जे गुप्त होते ते उजेडात आणितो. आणि मग तो विचारतो की, हे सर्व खरे, परंतु ज्ञान कोठे सापडते? लक्षात ठेवा की, खडक फोडणाऱ्या मनुष्याची येथे निंदा केलेली नाही. उलट त्याचे कौतुक करूनच भक्ताने पुढचा प्रश्न केला आहे.

आज त्या खडक फोडणाऱ्यांविषयीच लिहावयाचे आहे. त्याचे कारण आधी सांगतो, कारण त्यात माझा स्वतःचा अपराध गुंतलेला आहे आणि तो लपवून उपदेश करणे मला योग्य वाटत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका विधवेचा मुलगा भूमीची पाहणी करणाऱ्या एका पथकाबरोबर मजुरीस लागला. नकाशा घेऊन डोंगर, नाले, घाट हिंडावयाचे, साहेब दाखवील तेथे हातोड्याने दगड फोडावयाचा, पिशवीत भरावयाचा, तिजवर आकडा घालावयाचा आणि पाठीवर घेऊन गाडीपर्यंत वाहावयाचा, असे त्याचे काम होते. मुलगा बुद्धीचा चलाख होता. एके दिवशी पवित्र शास्त्राच्या वर्गात त्याने मला विचारले, “पाळकसाहेब, आपल्या डोंगराचा दगड सहा कोटी साठ लाख वर्षांचा आहे असे तपासून काढले आहे. मग आपण सहा हजार वर्षे सांगतो ते कसे?” मला उत्तर ठाऊक नव्हते. “बाळ, मला ठाऊक नाही, आपण दोघे मिळून शोधू,” असे म्हणावयास काय हरकत होती? परंतु पाळकाने अज्ञान कबूल करावे हे माझ्या अभिमानास सोसेना. पुढच्या रविवारी मी व्यासपीठावरून म्हणालो की, हे विद्वान लोक घरात बसून मनास येईल तो आकडा लिहितात आणि जितकी शून्ये अधिक तितका पगार अधिक. मंडळी हसली. तो मुलगा हसला नाही. तो उठून बाहेर गेला आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्याने देवळाची पायरी चढली नाही. त्याची आई दर रविवारी एकटी येऊन बसे आणि मजकडे न पाहता निघून जाई.

मी काय केले होते? ज्या माणसांस मी कधी पाहिले नव्हते, ज्यांचे काम कसे चालते हे मी विचारलेही नव्हते, त्यांच्याविरुद्ध मी देवाच्या घरात उभा राहून खोटी साक्ष दिली होती. नवव्या आज्ञेत शेजारी कोण हे सांगताना विद्वानांस वगळलेले नाही. म्हणून ह्या लेखात प्रथम त्या लोकांचे काम खरोखर कसे चालते ते सांगणार आहे, आणि मग आपल्या विश्वासाविषयी बोलणार आहे. ज्याने विहीर खणिली आहे त्यास हे समजण्यास काहीच कठीण नाही.

विहीर खणताना वर काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली कातळ. मुरूम म्हणजे ऊनपावसाने कुजलेला कातळच होय. दगडाचे वय काढणाऱ्यास हा कुजलेला भाग चालत नाही. म्हणून तो प्रथम सर्व मुलखाचा नकाशा करितो. कोणता खडक कोठून कोठवर पसरला आहे, कोणता वर आहे, कोणता खाली, कोणता दुसऱ्यास छेदून गेला आहे, हे सर्व पायी हिंडून लिहितो. आपल्या देशात ह्या कामासाठी १८५१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण हे खाते स्थापन झाले. नकाशा झाल्यावर जेथे ताजा, न कुजलेला कातळ आहे तेथे बाहेरची साल हातोड्याने उडवून आतला गाभा घेतात आणि ती जागा नकाशावर टिपून ठेवितात. जागा न टिपलेला दगड कितीही सुंदर असला तरी ह्या कामी निरुपयोगी. कोणाचा खडा कोणाच्या पिशवीत गेला असे झाले तर सर्व श्रम व्यर्थ होतात. त्या विधवेच्या मुलाने पिशव्यांवर घातलेले आकडे हे ह्या साक्षीचा पहिला दुवा होते, हे मला फार उशिरा समजले.

आता दगडातून वर्षे कशी मोजतात? एक दृष्टांत घेऊ. कल्पना करा की, एका बंद कोठीत ज्वारी भरलेली आहे आणि तेथे एक जाते आहे. जाते दळणारीचा नियम असा की, ठरलेल्या काळात कोठीत जितकी ज्वारी असेल तिची निम्मी दळावयाची, पुढच्या तितक्याच काळात उरलेलीची निम्मी, आणि असेच पुढे. पीठ त्याच कोठीत राहते, बाहेर जात नाही. आता तुम्ही दार उघडून ज्वारी आणि पीठ दोन्ही तोलिली, तर दळण केव्हा सुरू झाले हे तुम्हांस सांगता येईल की नाही? येईल. मात्र तीन गोष्टी खऱ्या असल्या पाहिजेत : दळण्याची गति ठाऊक असावी, आरंभी कोठीत पीठ नसावे, आणि मधल्या काळात उंदरांनी किंवा चोरांनी काही नेलेले नसावे.

युरेनियम म्हणून एक जड धातु आहे. तो आपोआप, कणाकणाने, मोडत जाऊन शेवटी शिसे बनतो. १८९६ साली बेक्रेल नामक फ्रेंच शास्त्रज्ञास त्यातून निघणारे अदृश्य किरण प्रथम आढळले. ह्या धातूच्या एका जातीची निम्मी रास मोडण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात आणि दुसऱ्या जातीची निम्मी मोडण्यास सुमारे ७० कोटी. ऊन, थंडी, दाब ह्यांनी ह्या गतीत फरक पडत नाही, हे वारंवार तपासून पाहिले आहे. ही झाली पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट तर देवाच्या कृतीचे मोठे नवलच होय. वितळलेला खडक निवताना त्यात झिरकॉन नावाचे स्फटिक बनतात. ते बहुधा वाळूच्या कणाहूनही बारीक असतात. हा स्फटिक बनताना युरेनियमास आपल्या घरात घेतो, परंतु शिशास जवळजवळ मुळीच घेत नाही. म्हणजे आरंभी कोठीत पीठ नव्हते. पुढे त्यात जे शिसे सापडेल ते तेथेच दळलेले असणार.

आणि तिसरी गोष्ट, चोरी झाली की नाही, हे कसे कळावे? अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात न्यायाचा असा नियम आहे की, एका साक्षीदाराच्या बोलण्यावरून निवाडा करू नये, दोन किंवा तीन साक्षीदार असावे. झिरकॉनच्या एकाच कणात युरेनियमाच्या दोन्ही जाती असतात आणि त्या निरनिराळ्या गतीने मोडून शिशाच्या निरनिराळ्या जाती बनतात. म्हणजे एका कोठीत दोन जाती आहेत, एक जलद दळणारे आणि एक हळू. दोहोंचा हिशेब एक आला तर साक्ष जुळली. कोणी मधेच शिसे पळविले असेल तर हे दोन साक्षीदार एकमेकांस खोटे पाडतात, आणि मग शोधक तो कण बाजूस ठेवितो किंवा बिघाड केव्हा झाला हे त्यावरूनच शोधून काढितो. न्यायसभेपुढे प्रभूविरुद्ध उभ्या केलेल्या साक्षीदारांची साक्ष एकमेकांशी जुळेना, हे आपण मार्काच्या शुभवर्तमानात वाचतो. न जुळणारी साक्ष ऐकून न्यायाधीश थांबले असते तर! दगडांच्या न्यायालयात ते थांबतात.

येथे एक गैरसमज काढून टाकिला पाहिजे. आपले काही उपदेशक सांगतात की, कोळशाच्या म्हणजे कार्बनच्या पद्धतीने पन्नास हजार वर्षांपलीकडचे वय निघत नाही, म्हणून कोटींची भाषा खोटी. पहिली गोष्ट खरी आहे. परंतु ती पद्धत लाकूड, हाडे, कोळसा अशा एके काळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठी आहे. कातळाचे वय तिने काढीतच नाहीत. पायलीने कापड मोजता येत नाही म्हणून गज खोटा ठरत नाही.

आता आपल्या पायांखालच्या कातळाकडे या. सह्याद्रीपासून नागपुराकडे आणि उत्तरेस माळव्यापर्यंत सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलखावर हा काळा पाषाण पसरला आहे. हा एके काळी तापलेला रस होता. भूमीस भेगा पडून तो एकावर एक थरांनी वाहिला आणि निवाला. घाटाच्या चढणीवर पायऱ्यांसारखे जे टप्पे दिसतात ते हे थर होत. त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. विहीर खणणाऱ्यांस तो चांगला माहीत आहे. एक थर निवून, त्याच्या माथ्याची माती होण्याइतका काळ गेल्यावर दुसरा थर त्यावर आला, असे तो पट्टा सांगतो.

ह्या गोष्टीचा एक साक्षीदार आपल्याच लोकांपैकी होता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली नागपुरास आले. ते मराठीत उपदेश करीत, शाळा चालवीत आणि फिरतीवर असता दगडही पाहत. १८५१ साली नागपुराजवळ टाकळी येथे त्यांस व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांस काळ्या कातळाच्या दोन थरांमधील मातीत दगड झालेले शिंपले सापडले, आणि ते गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे निघाले. म्हणजे खालचा रस निवून त्यावर तळे साचले, त्यात जीव वाढले, मेले, गाळात पुरले गेले, आणि मग वरचा रस आला! एवढा काळ मध्ये गेला, हे त्या शिंपल्यांनी सांगितले. हिस्लॉपसाहेबांनी हे लपविले नाही; १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या पत्रात ते छापून प्रसिद्ध केले आणि पुन्हा आपल्या शुभवर्तमानाच्या कामास लागले. १८६३ सालच्या सप्टेंबर महिन्यात टाकळघाटाजवळची पुरातन दगडी वर्तुळे पाहून परत येताना ओढ्याच्या पुरात ते बुडून मरण पावले. शुभवर्तमान सांगणाऱ्याने दगडाचे खरे बोलणे ऐकू नये असे ज्यांस वाटते, त्यांनी ह्या मनुष्याची आठवण ठेवावी.

हिस्लॉपसाहेबांस थरांचा क्रम कळला, वर्षे कळली नाहीत. ती मोजण्याचे साधन त्यांच्या काळी नव्हते. इंग्लंडातील आर्थर होम्स ह्या तरुणाने १९११ साली शिसे व युरेनियम तोलून खडकांची वये काढून दाखविली. पुढे आपल्या काळ्या पाषाणावर दुसरी एक पद्धत लाविली गेली. तीत पोटॅशियम धातूच्या एका जातीपासून आर्गॉन नावाचा वायु होतो, तो मोजतात. परंतु वायु तो वायुच. दगड कुजला किंवा पुन्हा तापला की तो निसटतो. म्हणून आरंभीच्या मोजण्यांत एकाच प्रकारच्या कातळाची वये कोट्यवधी वर्षांच्या फरकाने निरनिराळी येत. माझ्यासारख्यांस ती चंगळच होती. पाहा, ह्यांचे ह्यांच्यातच जमत नाही! परंतु त्या लोकांनी आपली चूक आपणच शोधिली, ताजे दगड निवडले, आर्गॉन मोजण्याची अधिक सूक्ष्म रीत बसविली, आणि १९८८ च्या सुमारास सर्व आकडे सहा कोटी साठ लाखांच्या आसपास जमू लागले. त्यानंतर थरांमधील त्या तांबड्या पट्ट्यांतून ज्वालामुखीच्या राखेबरोबर येऊन पडलेले झिरकॉनचे कण निवडून काढिले. त्यांतील मोडक्यातोडक्या हिशेबाचे कण वगळल्यावर उरलेल्यांत दर हजार युरेनियमच्या कणांमागे शिशाचे कण केवळ सुमारे दहा. तेवढेच दळण झाले आहे! आणि उत्तर पुन्हा तेच, सहा कोटी साठ लाख.

२०१९ साली दोन निरनिराळ्या मंडळांनी, एकाने झिरकॉनवरून आणि दुसऱ्याने आर्गॉनवरून, आपापले निकाल एकाच वेळी प्रसिद्ध केले. बहुतेक सर्व रस सुमारे दहा लाख वर्षांच्या आत वाहिला ह्यावर दोघांचे एकमत. त्याच काळी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आकाशातून एक प्रचंड अशनी येऊन आदळला होता. त्याच्या आधी किती रस वाहिला आणि नंतर किती, ह्यावर मात्र दोघांचा मतभेद आहे, आणि तो त्यांनी लपविला नाही. आम्हांस वाटते की, आपल्या पंथापंथांतील वाद इतक्या सभ्यतेने आणि इतक्या उघडपणे चालते तर बरे होते. असो.

हा काळा पाषाण म्हणजे तरी सर्वांत खालचा पाया नव्हे. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली मेली, हे आपल्यापैकी वृद्धांस विसरता येणार नाही. त्यानंतर तेथे भूमीस भोक पाडून पाहिले, तो काळा कातळ ३३८ मीटरांवर संपला आणि त्याखाली दुसराच खडक लागला, शेकडो कोटी वर्षे जुना. कानडा देशाच्या उत्तरेस अकास्टा नदीकाठी ४०३ कोटी वर्षांचा खडक आढळला आहे, आणि ऑस्ट्रेलियात झिरकॉनचा एक कण ४४० कोटींचा. सबंध पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे धरितात.

हा शेवटचा आकडा कसा मिळाला, हे थोडे विस्ताराने सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील क्लेअर पॅटरसन हा शोधक आकाशातून पडलेल्या लोखंडी अशनीतील शिसे मोजीत होता. परंतु त्याच्या मोजण्यात नेहमी शिसे अधिकच येई. दुसरा कोणी असता तर त्याने आकडा थोडा सारखा करून घेतला असता. ह्याने तसे केले नाही. शिसे येते कोठून? त्याने पाहिले, तो भांड्यांवर शिसे, पाण्यात शिसे, हवेतील धुळीत शिसे, त्याच्या स्वतःच्या केसांत व कपड्यांवर शिसे. मग त्याने वर्षानुवर्षे आपली प्रयोगशाळा घासली, धुतली, हवा गाळून आत घेतली. नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा परमेश्वरास वीट येतो असे सांगितले आहे. ह्या मनुष्यास आपल्या तराजूवरची धूळही सहन झाली नाही. १९५६ साली त्याने ४५५ कोटी वर्षे हा आकडा प्रसिद्ध केला. परंतु धुण्याचे काम येथे संपले नाही. इतके शिसे हवेत आले कोठून, हा प्रश्न त्यास सोडीना. आणि त्यास आढळून आले की, मोटारींच्या पेट्रोलात शिसे मिसळतात, ते धुरावाटे सर्व जगावर पडते आणि माणसांच्या रक्तात जाते. शिशाने लहान मुलांची बुद्धि मंद होते. श्रीमंत धंदेवाल्यांच्या विरोधास न जुमानता तो हे सांगत राहिला. हळूहळू देशोदेशी तसले पेट्रोल बंद झाले. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले. जो मनुष्य दगडाविषयी खरे बोलावयास शिकला, त्याच्या खरेपणाने अशा लेकरांचे रक्षण झाले की, ज्यांची नावेही त्यास ठाऊक नव्हती.

आता सहा हजार वर्षांविषयी. बंधूंनो, तुमचे पवित्र शास्त्र घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटल्या पानापर्यंत शोधा. पृथ्वी अमुक वर्षांपूर्वी झाली असा आकडा तुम्हांस कोठेही आढळणार नाही. आयर्लंडातील आर्चबिशप अशर ह्यांनी १६५० साली वंशावळ्यांची बेरीज करून ख्रिस्तापूर्वी ४००४ हे साल काढिले. ते प्रामाणिक व बहुश्रुत गृहस्थ होते आणि त्यांच्या काळी त्याहून चांगले साधन नव्हते. १७०१ च्या सुमारास हे साल इंग्रजी पवित्र शास्त्राच्या समासात छापण्यास सुरुवात झाली. समासात छापलेले हळूहळू लोकांस मूळातलेच वाटू लागले. हा धडा आपल्या गावांतही लागू आहे. किती रूढि आपण समासातून मूळात नेऊन बसविल्या आहेत!

ह्याच्या उलट टोकासही जाऊ नये. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील प्रत्येक दिवसाचे इतके कोटी करून मोशेस भूगर्भशास्त्र ठाऊक होते असे सिद्ध करणारी पत्रके मी पाहिली आहेत. ती मला रुचत नाहीत. त्यांत शास्त्राची ओढाताण होते आणि दगडाचीही. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील आठवे वचन घेऊन गणित करणारेही आहेत. ते वचन सांगते की, प्रभूच्या दृष्टीने एक दिवस हजार वर्षांसारखा आणि हजार वर्षे एका दिवसासारखी आहेत. हे कोष्टक म्हणून दिलेले नाही. सहा दिवसांचे सहा हजार केले तरी दगडाचे समाधान होणार नाही. उत्पत्तीचा तो अध्याय आपणांस सांगतो की, सूर्य, चंद्र, समुद्र आणि पशु ह्यांपैकी कोणीही देव नव्हे, सर्व एकाच देवाने केले आहे आणि ते चांगले आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी दगडास शेंदूर लावून त्याचे भय धरिले, त्यांस हा अध्याय काय सांगतो हे मी काय समजावून द्यावे?

पुरातन काळचा मंडळीचा गुरु ऑगस्टीन ह्याने उत्पत्तीवर भाष्य लिहिताना असा इशारा दिला होता की, पृथ्वी व आकाश ह्यांविषयी जे बाहेरच्यांस अनुभवाने निश्चित कळले आहे त्याविषयी ख्रिस्ती मनुष्याने शास्त्राचे नाव घेऊन अडाणीपणाने बोलू नये. बोलल्यास ते लोक पुनरुत्थानाविषयीचे त्याचे बोलणे तरी कसे खरे मानतील? ह्या इशाऱ्यास सोळाशे वर्षे झाली. मी तो वाचला असता तर एक मुलगा बाहेर गेला नसता.

एक प्रश्न मात्र सोपा नाही आणि तो मी टाळीत नाही. त्या टाकळीच्या, म्हणजे आदामाच्या पुष्कळ आधीच्या तळ्यात गोगलगाई मेल्या. मग मरण पापाने आले हे पौलाचे म्हणणे कसे? पौल रोमकरांस मनुष्याविषयी लिहीत आहे, देवापासून तुटलेल्या मनुष्याच्या मरणाविषयी. सिंहाचे छावे देवाजवळ आपले भक्ष्य मागतात असे एकशे चौथे स्तोत्र म्हणते, आणि ते तेथे देवाच्या स्तुतीत म्हटले आहे, पापाच्या यादीत नव्हे. एवढ्याने माझे समाधान होते. ज्याचे होत नसेल त्याने विचारावे; त्यास आता मी हसणार नाही.

परंतु खेड्यातील माणसास खरे भय निराळेच असते, आणि ते मला एका बाईने सांगितले. तिचे मूल तीन दिवसांचे होऊन गेले होते. कोणी शाळामास्तरांनी पृथ्वीच्या वयाची गोष्ट सांगितली ती ऐकून ती मला म्हणाली, “पाळकसाहेब, एवढ्या कोटी वर्षांत माझ्या लेकराचे तीन दिवस देवाला दिसले तरी असतील का?” हा प्रश्न मी कोणत्याही पंडिताच्या ग्रंथात वाचलेला नाही, आणि त्याहून भारी प्रश्नही मला कोणी विचारलेला नाही.

तेव्हा मला पेत्राच्या त्याच वचनाची आठवण झाली. वाद करणारे त्याचे उत्तरार्धच नेहमी घेतात, की हजार वर्षे एका दिवसासारखी. म्हणजे मोठा काळ देवास लहान. परंतु पूर्वार्ध आधी आहे, आणि तो असा की, एक दिवस हजार वर्षांसारखा. म्हणजे लहान काळ देवास मोठा! मी तिला सांगितले, “बाई, त्या लेकराचे तीन दिवस देवाजवळ तीन हजार वर्षांसारखे आहेत. आपण ज्यास क्षण म्हणतो त्यात तो युगभर पाहत बसतो. ज्याने वाळूहून बारीक कणात सहा कोटी वर्षांचा हिशेब एकही दाणा न सांडता ठेविला, तो तुझ्या लेकराचा हिशेब विसरेल काय?” ती काही बोलली नाही. पदर डोळ्यांस लावून बसली. पुष्कळ वेळाने म्हणाली, “मग त्याचे नाव बाप्तिस्म्याच्या वहीत नाही, तरी चालेल ना?” मी म्हणालो, “चालेल.”

आणखी एक गोष्ट ह्या आकड्यांनी मला शिकविली. पेत्र त्याच ठिकाणी प्रभूच्या सहनशीलतेविषयी लिहितो. पूर्वी मी देवाची सहनशीलता म्हणजे पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याएवढी समजत असे. आता घाट चढताना टप्प्याटप्प्यांकडे पाहतो. रस निवण्यास वेळ, त्याची माती होण्यास वेळ, त्या मातीवर तळे साचण्यास वेळ. कोठे घाई नाही. आणि आम्ही उपदेशक एका गावी दोन वर्षे काम करून कोणी बाप्तिस्मा घेतला नाही म्हणून मिशनास बदलीचा अर्ज लिहितो.

आता त्या मुलाचे सांगून संपवितो. माझी चूक मला उमगल्यावर मी त्याच्या आईकडे गेलो आणि तिच्यापाशी क्षमा मागितली. ती म्हणाली, “माझ्याकडे कशाला? तो आहे ना जिवंत.” तिने पत्ता दिला. मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले. पुढे एका नाताळात तो आपण होऊन आला. केस पिकू लागले होते, बरोबर बायको व दोन मुले होती. मी देवळाच्या दारातच त्याचा हात धरिला आणि मंडळीसमक्ष म्हणालो की, त्या दिवशी मी खोटे बोललो होतो, तू खरे विचारले होतेस. तो खाली पाहत राहिला.

उपासना झाल्यावर मुले अंगणात जमली. आमच्या देवळाच्या भिंती ह्याच काळ्या पाषाणाच्या आहेत. त्याने भिंतीवरील एका चिऱ्यास हात लावून त्यातील बारीक भोके मुलांस दाखविली; दगड पातळ असताना त्यात वाफेचे बुडबुडे होते, ते असे राहून गेले, असे सांगितले. एका मुलीने विचारले, “काका, तेव्हा कोण होते?” तो थोडा थांबला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “पाळकसाहेब, ईयोबाचा तो अडतिसावा अध्याय ह्यांना वाचून दाखवता का?” माझा चष्मा आत राहिला होता. म्हणून त्यानेच पुस्तक घेतले आणि भिंतीला पाठ टेकून, सर्व अध्याय, सावकाश वाचला.